रुळांच्या पल्याडचा आवाज
वेम्बली, ११ जून १९८८. नेल्सन मंडेलांच्या सत्तरीनिमित्तच्या सोहळ्यात स्टीव्ही वंडर यांच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना (आम्हा संगणक अभियंत्यांना हा तपशील विशेष भावतो), आणि २४ वर्षांची कृष्णवर्णीय ट्रेसी चॅपमन केवळ गिटार घेऊन पुन्हा मंचावर उभी राहिली. तिचा पहिला गीतसंग्रह त्याच वर्षीचा. ‘फास्ट कार’मधील मुलगी दारूड्या बापासाठी शाळा सोडते. ‘बिहाइंड द वॉल’ला तर वाद्यांची साथच नाही, भिंतीपलीकडचा आक्रोश आणि उशिरा येणारे पोलीस, इतकेच. वामनदादांची गाणी ऐकत वाढलेल्या आम्हांला हा आवाज परका वाटत नाही. आमच्या मुलांना मात्र ‘अक्रॉस द लाइन्स’ अधिक भिडले: रुळांच्या अल्याड गोरे, पल्याड काळे. आपल्या गावात अशी रेषा कोठून जात होती, असे त्यांनी विचारले. आजीने कागदावर आधी विहीर काढली.