दोन पंखांचे विमान आणि थकलेले हात

निवृत्तीनंतर वेळ भरपूर मिळतो. हातांना मात्र काम उरत नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्गात खडू, दुकानात तराजू किंवा रानात तिफण धरली, त्यांचे हात एकाएकी रिकामे होतात. त्यातच घरची माणसे काळजीपोटी म्हणतात, “राहू द्या, आम्ही करतो.” हे वाक्य मायेचे असते, पण रोज ऐकले की ज्येष्ठांना स्वतःच्याच हातांविषयी शंका वाटू लागते. व्यवसायोपचारात बोटांच्या बारीक कामांना महत्त्व आहे, ते यासाठीच. अशा कामांपैकी एक रंजक काम म्हणजे बॅटरीवर उडणारे, रिमोटने चालणारे छोटे द्विपंखी विमान बांधणे.

17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचे जे विमान उडाले, ते द्विपंखीच होते. एकावर एक दोन पंख खांबांनी व तारांनी जोडले की बांधणी हलकी असूनही मजबूत होते आणि कमी लांबीत पंखांचे क्षेत्रफळ वाढते. त्यामुळे असे हलके विमान सावकाश उडू शकते. भारतीय वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी पहिले धडे ‘टायगर मॉथ’ या द्विपंखी विमानावरच गिरवले. सावकाश उडणारे विमान चालकाला विचार करायला अवधी देते. उतारवयात शिकणाऱ्यालाही नेमके तेच हवे असते.

आरंभ मोटरशिवाय करावा. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील कितीतरी घरांतली कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि मागे आजी-आजोबा व नातवंडे उरतात. अशा घरात थर्माकोलच्या पातळ पत्र्याचे, हाताने फेकायचे ग्लायडर अल्प खर्चात होते. नाकाला मातीचा छोटा गोळा लावून ते तोलावे. नाक जड झाले तर ते खाली झेपावते. शेपटी जड झाली तर वर उसळून कोसळते. हा तोल कळला की निम्मे विमानशास्त्र कळले.

पुढचा टप्पा मोटरच्या विमानाचा. पंखांची लांबी सुमारे 70 सेंटिमीटर आणि एकूण वजन 250 ग्रॅमच्या आत ठेवावे. पंख-धड फोमच्या पत्र्याचे आणि आधाराला बांबूच्या कामट्या. त्यात एक छोटी मोटर, तिचा वेग सांभाळणारा नियंत्रक, शेपटीचे भाग हलवणाऱ्या दोन सर्व्हो मोटरी, रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर आणि 7.4 व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी बसवावी. बॅटरी पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य आराखड्यातील खुणेवर आणावा.

खरे कौतुक आहे ते फेरबदलांचे. वरचा पंख न चिकटवता रबरबँडने बांधावा. आपटल्यावर तो मोडण्याऐवजी निसटतो. प्रोपेलरही रबरी कडीने बसवावा. ढेकळांच्या जमिनीसाठी चाके मोठी लावावीत, म्हणजे विमान हाताने फेकावे लागत नाही. दृष्टी मंद असेल तर पंखांची वरची बाजू भडक केशरी व खालची काळ्या पट्ट्यांची करावी. विमान कोणत्या अंगाने आहे ते चटकन ओळखता येते. आणि हात कापत असतील, तर बऱ्याच रिमोटमध्ये ‘एक्स्पो’ व ‘ड्युअल रेट’ अशा सोयी असतात. त्यांनी काडीच्या बारीक हालचालींचा परिणाम मंद करता येतो. हाताचा कंप विमानापर्यंत फारसा पोहोचत नाही.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी कापण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल तर गरम गोंदाची बंदूक टाळून पांढरा गोंद वापरावा. भाजलेले कळत नाही. पेसमेकर असलेल्यांनी मोटर व रिमोट छातीशी धरू नयेत. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरवर आणि नजरेसमोर भारित करावी. फुगलेली बॅटरी वापरू नये. विमानात बॅटरी जोडलेली असताना प्रोपेलरपासून हात दूर ठेवावा.

पिके निघालेले मोकळे रान आणि हिवाळ्यातली शांत सकाळ उड्डाणास उत्तम. विजेच्या तारा, गुरे व माणसे यांपासून दूर जावे. ‘ड्रोन नियम, 2021’ नुसार 250 ग्रॅमपर्यंतचे मानवरहित विमान ‘नॅनो’ वर्गात मोडते. तरीही जागा हरित क्षेत्रात आहे का, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहून घ्यावे. मान सतत वर करून पाहिल्याने चक्कर येऊ शकते, म्हणून ज्येष्ठांनी खुर्चीत बसून, सूर्याकडे पाठ करून, विमान थोडे दूर व कमी उंचीवर उडवावे. एका वेळी पाच-सात मिनिटे पुरेत.

शिकवण्यासाठी दोन रिमोट जोडण्याची सोय असते. आधी नीट शिकलेल्या नातवाच्या हाती मुख्य रिमोट द्यावा आणि आजोबांच्या हाती दुसरा. नातू कळ दाबून धरतो तोवर विमान आजोबांचे. त्याने कळ सोडली की ताबा त्याच्याकडे येतो. विमान थोडे डगमगले की लगेच कळ सोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. विमान पुरेशा उंचीवर असेल तर आजोबांना सावरायला दोन क्षण मिळतात, आणि बहुधा ते सावरतात. घरातल्या इतर कामांतही काळजीवाहकांनी हाच हिशेब ठेवावा. शर्टाची गुंडी लावणे, चहा गाळणे, औषधे डबीत भरणे यांत वेळ लागतो, थोडे सांडते. परंतु धोका नसेल तर थांबावे.

आणि विमान पडलेच, तर तुकडे गोळा करून घरी आणावेत. फोमचा पंख गोंदाने सांधतो, मोडकी कामटी बदलता येते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते काम आजोबांच्याच पुढ्यात ठेवावे.