वही कोणी वाचावयाची?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी येथील मराठी शाळांच्या गुरुजींनी गाव सोडले नाही, शाळाही सोडली नाही, राज्यच बदलले. मुंबईच्या १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याच्या जागी १९६१ साली म्हैसूरचा कायदा आला. १९६३ साली कन्नड राजभाषा झाली आणि १९८३ चा शिक्षण कायदा १९९५ मध्ये अमलात आला. गुरुजींचे काम कोणी व कोणत्या भाषेत पाहावयाचे, हा प्रश्न मात्र आमच्या मते बाजूसच राहिला.

मुंबईच्या अमदानीत तपासणीस येणारे डिप्टीसाहेब मुलास धडा वाचावयास लावीत, वहीतील शुद्धलेखन पाहत आणि मग शेरेबुकात लिहीत. त्यांचा धाक मोठा. पण ज्यावर शेरा मारावयाचा, ते त्यांना वाचता येत असे. आजच्या अधिकाऱ्यास मराठी अवगत असेल तर प्रश्नच नाही. असे अधिकारी आहेतही. नसेल, तर त्याने पाहावे काय? हजेरीपट, टाचणवही आणि निकालाचा टक्का. दुसरीतल्या मुलास जोडाक्षर कसे उमगले, हे टक्क्यात दिसत नाही. (निकाल पाहून शाळांस अनुदान देण्याची पद्धत मुंबई इलाख्याने एकोणिसाव्या शतकात करून पाहिलीच होती. तिने घोकंपट्टी तेवढी वाढविली.)

२०१५ च्या कायद्याने कन्नड ही पहिली वा दुसरी भाषा म्हणून शिकविणे आवश्यक झाले. त्याविषयी आमची तक्रार नाही. शेजाऱ्याची भाषा मुलांना यावीच. परंतु मराठी शिकविणाऱ्याचे मोल मराठी जाणणाऱ्यानेच करावे.

कायद्यात त्यास आधार आहे. सीमा बदलल्या त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आणले व प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांवर सोपविली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये आहेत : वेळेवर येणे, अभ्यासक्रम पुरा करणे, मुलाची कुवत ओळखून जादा शिकविणे, पालकांना प्रगती सांगणे. निकालाच्या टक्क्याचा तेथे उल्लेख नाही. आणि २००८ साली देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, बरा असो वा वाईट, सरकारी नोकरास कळविला पाहिजे. तेव्हा सरकारी शाळेतील गुरुजींनी संकोच न करता तो मागावा व न पटल्यास लेखी हरकत द्यावी.

याच कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. आमच्याकडील कितीतरी आयांना दोन्ही भाषा येतात. पुढल्या तपासणीस त्यांपैकी एकीने साहेबांशेजारी बसून मुलाची वही त्यांना कन्नडातून वाचून दाखवावी.