पनवेलकरांनो, आपला मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात बघा!

मराठी सिनेमाचं सगळ्यात मोठं आव्हान पनवेलमध्ये राहून नीट कळतं. तासाभराच्या अंतरावर मुंबईत हिंदी सिनेमा तयार होतो, आणि आपल्या सगळ्यांना हिंदी येतंच. तमिळ किंवा मल्याळम सिनेमाच्या दाराशी असा शेजारी नाही. शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट लागला की मराठीला दुपारचा अडनिडा खेळ मिळतो. पनवेल लोकलने कामावरून परतणारा माणूस तो बघणार कधी?

हा प्रश्न आपल्या सिनेमाला जन्मापासूनच आहे. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. पण व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरव झाला तो अस्सल देहूच्या मातीतल्या 'संत तुकाराम'चा (१९३६). पुढे २०१४ मध्ये त्याच व्हेनिसला चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ने बक्षिसं मिळवली. २०२५ मध्ये रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ने सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक आणलं. 'सैराट'ने तर करमाळ्याची बोली महाराष्ट्रभर हाउसफुल्ल चालवली. नंतर हिंदीने त्याचा 'धडक' केला.

मला मराठी सिनेमाचं भविष्य अशाच बोलींमध्ये दिसतं. आपल्या भागातली आगरी-कोळी बोली पडद्यावर बहुतेकदा विनोदापुरतीच येते. नवी मुंबई विमानतळासाठी गेलेल्या जमिनी, उठलेली गावं, इथल्या खाड्या यांवर मोठा चित्रपट व्हायलाच हवा.

असा चित्रपट काढायला सरकारी अनुदान मदत करतं, पण खेळ टिकतो तो पहिल्या तीन दिवसांच्या तिकिटांवर. ओटीटीवर येईपर्यंत थांबू नका.