लेकराच्या पोटाचा सी.टी. आणि किरणांची भीती

गेल्या उन्हाळ्यात ताडीवाला रोडच्या वस्तीतली एक आई रात्री माझ्या दारात आली. चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालताना पोटाच्या डाव्या बाजूला कडक गोळा तिच्या हाताला लागला होता. सोनोग्राफीत किडनीला गाठ दिसली आणि डॉक्टरांनी सी.टी. स्कॅन लिहून दिला. त्यावर शेजारीण म्हणाली, सी.टी.च्या किरणांनीच कॅन्सर होतो. "ताई, करू का नको?"

मी म्हटलं, उद्याच कर.

लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या गाठीला विल्म्स ट्यूमर म्हणतात. बहुतेक मुलांना ती पाच-सहा वर्षांच्या आतच होते. वेळेत आणि पूर्ण उपचार मिळाले तर दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होऊ शकतात. पण गाठ केवढी आहे, दुसऱ्या किडनीत आहे का, मोठ्या रक्तवाहिनीत शिरली का, हे कळल्याशिवाय केमो आणि ऑपरेशन ठरत नाही. भीतीपोटी हा सी.टी. टाळणं म्हणजे गाठीला वाढायला वेळ देणं.

शेजारीण मात्र अगदीच खोटं बोलत नव्हती. सी.टी. म्हणजे एक्स-रेच, पोटाच्या एका सी.टी.त छातीच्या एक्स-रेच्या शंभरपट किरणं जाऊ शकतात. मुलांच्या पेशी वाढत्या असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून त्यांना धोका मोठ्यांपेक्षा जास्त. 2012 साली लॅन्सेटमध्ये ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून जास्त मुला-तरुणांचा अभ्यास छापून आला. वारंवार सी.टी. झालेल्यांत रक्ताचा आणि मेंदूचा कॅन्सर थोडा वाढलेला दिसला. एकेका मुलाचा धोका फार लहान होता, पण होता.

तो कमी करता येतो. मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावायचं, मोठ्या माणसाच्या मापाने नाही. सांगितलाय तेवढाच भाग घ्यायचा. मुलांच्या पोटाच्या गाठीसाठी बहुतेक वेळा शिरेतून औषध देऊन एकदाच काढलेला सी.टी. पुरतो, औषधाआधी एकदा आणि नंतर पुन्हा, अशी गरज क्वचितच पडते. अमेरिकेत 2008 पासून मुलांच्या रेडिओलॉजिस्टांनी 'इमेज जेंटली' नावाची मोहीम चालवली ती याचसाठी. आपल्याकडे सी.टी. मशीनला परवाना देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच आहे. तेव्हा "मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावलंय ना?" हा प्रश्न आगाऊपणा नाही. विचारा. टेक्निशियनच्या कपाळावर आठी आली तरी विचारा.

पण आपल्या घरांत जास्तीची किरणं जातात ती बहुधा वेगळ्याच वाटेने. या मुलाला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे आधीचा सी.टी. दिसेना म्हणून नवा लिहिला गेला. सीडी होती. घरी, टीव्हीच्या मागे. मी बापाला रिक्षाने परत पाठवलं, डॉक्टरांनी ती पाहिली आणि दुसरा सी.टी. वाचला. नुसता छापील रिपोर्ट चालत नाही, ऑपरेशन करणाऱ्याला चित्रं बघावी लागतात. म्हणून केंद्रातून निघतानाच सीडी मागून घ्या, तिच्यात डोस रिपोर्टही टाकायला सांगा. ससूनला जा नाहीतर परळच्या टाटाला, ती केसपेपरच्याच पिशवीत राहू द्या.

सोनोग्राफीत किरणं नसतात, एम.आर.आय.तही नसतात. एम.आर.आय.ने काम भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मात्र त्यात बराच वेळ स्थिर पडावं लागतं, लहान मुलाला बहुधा झोपवावं लागतं, आणि नंबर लागायला उशीर होत असेल तर गाठ थांबत नाही. उपचार संपल्यावरच्या तपासण्या बऱ्याचदा सोनोग्राफी आणि छातीच्या एक्स-रेवर होतात. तेव्हा दर खेपेला सी.टी. लिहिला जात असेल, तर का, ते समजून घ्या.

मूल रडतं म्हणून आई आत थांबते. थांबताना शिशाचा एप्रन मागून घाला. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल, तर आईने बाहेर थांबावं आणि आजीला आत पाठवावं.