चौथ्या दिवशीचा पाहुणा

मुलांनो, आपल्याकडे एक म्हण आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आजी-आजोबांना ती पाठ असेल. गंमत म्हणजे अरबांचा हिशेबही तीनच दिवसांचा! पाहुण्याचा हक्क तीन दिवस, पुढे जे द्याल ते दान, असे ते मानतात. मग शिकायला आलेला परदेशी मुलगा किंवा मुलगी आपल्या घरी वर्षभर राहणार असेल, तर चौथ्या दिवशी काय करायचे?

कतारमध्ये हा प्रश्न घरापर्यंत सहसा येत नाही. दोहाच्या एज्युकेशन सिटीत अमेरिकन विद्यापीठांच्या शाखा आहेत. जॉर्जटाउनची २००५ पासून आहे. बाहेरून शिकायला येणाऱ्यांसाठी तिथे वसतिगृहे आहेत, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात मात्र गर्दी एवढी झाली की रहिवाशांना आपल्या घरी दहापर्यंत पाहुणे ठेवायची मुभा मिळाली. अट एकच, घराची नोंद आधी करायची.

कतारी घरचे बोलावणे आले तर विद्यार्थ्याला आधी दिसते ती मजलिस. आपल्या कोकणातल्या ओटीसारखीच, पाहुण्यांनी बसायची जागा. पण पुष्कळदा तिला दारही वेगळे असते. यजमान डाव्या हातात दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, धरतो आणि उजव्या हाताने इवलासा पेला देतो. कॉफी असते पाव पेलाच! पेला परत देताना हलवला नाही, तर वाढणारा पुन्हा ओततो. तीनपेक्षा जास्त पेले घेऊ नयेत, अशी रीत. मजलिस आणि ही कॉफी, दोन्हींची नोंद युनेस्कोने २०१५ साली अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

मान मोठा, यात शंका नाही. पण मजलिसमधून स्वयंपाकघर दिसत नाही, आणि माझ्या मते घर कळते ते तिथेच.

दोहात २०२१ पासून पुणे विद्यापीठाचीही शाखा आहे. त्या पुण्यात मात्र रीत उलटी. मराठी शिकायला येणारे अमेरिकन विद्यार्थी कितीतरी वर्षे तिथल्या मराठी कुटुंबांत राहत आले आहेत. वर्गात व्याकरण, आणि खरी भाषा ताटावर! “वाढू का?” “अजून थोडं घे ना!” तिथे पेला हलवून सुटका नाही; “पुरे” हा शब्द पहिल्याच जेवणात शिकावा लागतो.

आपल्या घरी असे कोणी आले तर नियम पहिल्याच दिवशी सांगावेत, लाजू नये. आमच्याकडे मटणाबरोबर दही नाही, आणि आमटीतलं पांढरं दूध नारळाचं आहे, हे न सांगता त्या बिचाऱ्याला कसं कळणार? कतारमध्येही नवख्याला सांगावेच लागते, की रमजानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचे नाही. त्याला काय चालत नाही, तेही विचारावे. घरच्या वेळा सांगाव्यात, एक किल्ली द्यावी.

तीन दिवस हवे तेवढे लाड करा. चौथ्या दिवशी त्याचे ताट त्याला धुऊ द्या, आणि कोपऱ्यावरून पाव आणायला पाठवा. बरोबर घरातलं एक पोर द्या, म्हणजे रस्ता चुकणार नाही.