‘ट्रॅफिक’ : कोणाला आवाज, कोणाला नाही

स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘ट्रॅफिक’ (२०००) या चित्रपटाला २००१ च्या ऑस्कर सोहळ्यात दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, संकलन आणि सहायक अभिनेता अशी चार पारितोषिके मिळाली. त्यांतले शेवटचे पारितोषिक बेनिसिओ डेल टोरो यांचे. पोर्टो रिकोत जन्मलेल्या या नटाने तिहुआनातील पोलीस साकारला, आणि त्याचे बहुतेक संवाद स्पॅनिश आहेत. मेक्सिकन माणसांनी घरातही परस्परांशी इंग्रजीच बोलावे, ही हॉलिवूडची जुनी रीत येथे मोडली गेली, हे निर्विवाद.

मात्र डोळ्यांना दिसते ते निराळे. सोडरबर्ग यांनी (‘पीटर अँड्र्यूज’ या टोपणनावाने) स्वतःच छायाचित्रण करताना कथेच्या तीन धाग्यांना तीन रंग दिले. मेक्सिको करपल्यासारखा पिवळा, ओहायो थंड निळा, सॅन दिएगो स्वाभाविक. प्रेक्षक भरकटू नये म्हणून ही युक्ती उत्तमच. पण सीमा ओलांडताच हवा गढूळ होते, असा संस्कारही तीच करते. पुढे मेक्सिको दाखवायचे म्हणजे पडदा पिवळा करायचा, ही चित्रपटांची सवयच झाली.

खरी मेख ओहायोत आहे. अमली पदार्थविरोधी मोहिमेचे प्रमुखपद मिळालेल्या न्यायाधीशाची (मायकल डग्लस) किशोरवयीन मुलगी कॅरोलाइन व्यसनात बुडते. तिची घसरण किती खोल, हे दाखवण्यासाठी तिला सिनसिनाटीच्या गरीब वस्तीत, एका कृष्णवर्णीय विक्रेत्याच्या खोलीत नेले जाते. लेखक स्टीफन गॅगन यांना हे जाणवले असावे. गोऱ्या उपनगरांतून गिऱ्हाइके दिवसभर अशी या वस्तीत येत राहिली तर तेथे दुसरा धंदा उरणार कसा, असा सवाल कॅरोलाइनचा मित्रच तिच्या वडिलांना करतो. युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो मांडतो एक सुखवस्तू गोरा मुलगा. वस्तीतल्या कोणाच्या तोंडी तो येत नाही.

याला त्या काळच्या कायद्याची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅकसाठी किमान पाच वर्षे कैद होती. कोकेनची भुकटी असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागत. क्रॅकच्या खटल्यांतले बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय असत. हे १०० : १ प्रमाण २०१० मध्ये १८ : १ वर आणले गेले. कॅरोलाइनला उपचार मिळतात, आईवडील तिच्यासोबत बसतात. विक्रेत्याचे पुढे काय होते, ते चित्रपट विचारत नाही.

डॉन चीडल आणि लुईस गुझमन यांची अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांची जोडी मात्र विलक्षण मोकळी, खरी वाटते. त्यांचा वर्ण हा कथेचा विषय नाही. ते केवळ आपले काम करत असतात.

हा चित्रपट ज्यावरून घेतला, ती ‘ट्रॅफिक’ याच उच्चाराची ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका ‘चॅनल फोर’ने १९८९ मध्ये दाखवली होती. तिचा एक धागा पाकिस्तानात घडतो. जमाल शाह यांनी साकारलेला फजल हा अफू पिकवणारा शेतकरी. पीक नष्ट झाल्यावर तो कराचीतील तस्कराच्या चाकरीत शिरतो. पोट कशावर भरायचे, हा त्याचा प्रश्न ब्रिटिश मंत्र्याच्या व्यसनी मुलीच्या दुःखाइतकाच वेळ घेऊन मांडला जातो. अमेरिकी रूपांतरात मंत्री न्यायाधीश झाला, मुलगी तशीच राहिली, आणि शेतकऱ्याच्या जागी पोलीस आला. अडीच तासांच्या चित्रपटात पीक काढणाऱ्याची कथा कोठेच नाही.