श्वासातून जाणारे मोठे औषध

दम लागला की दवाखान्यात मास्क लावून मशीनने ‘वाफ’ देतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खरे तर ती वाफ नसते, औषधाचे अगदी बारीक तुषार असतात. त्या मशीनला नेब्युलायझर म्हणतात. त्यातूनच दिल्या जाणाऱ्या एका वेगळ्या औषधाबद्दल आज बोलू या.

काही बाळांना जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस नावाचा आजार असतो. त्यांच्या फुप्फुसात घट्ट कफ साठतो आणि त्यात जंतू वाढतात. जंतूंशी लढून आपल्या पांढऱ्या पेशी मरतात. त्यांच्यातले डीएनएचे लांब धागे कफात मिसळतात आणि कफ डिंकासारखा चिकट होतो. कितीही खोकले तरी सुटत नाही.

हे धागे कापणारे औषध म्हणजे डॉर्नेज अल्फा. अमेरिकेत १९९३ साली त्याला मान्यता मिळाली. दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलचा कण लहान असतो, याचा कण त्याच्या सुमारे दीडशे पट मोठा. कारण हे औषध म्हणजे प्रथिन आहे.

मग गोळी का नाही? डाळीतले प्रथिन पोटात पचते, तसे हेही पचून जाईल. म्हणून ते थेट श्वासातून द्यायचे. पण तुषार नेमक्या मापाचे हवेत, साधारण १ ते ५ मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. तुषार मोठे असले तर घशातच अडकतात, फार बारीक असले तर उच्छ्वासाबरोबर बाहेर जातात.

शिवाय प्रथिन नाजूक. उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, तसे उष्णतेने बिघडलेले हे औषध पुन्हा कामाचे राहत नाही. म्हणून ते फ्रीजमध्ये, उजेडापासून दूर ठेवायचे. नेब्युलायझर डॉक्टरांनी सांगितलेलाच वापरायचा. त्याच कपात दुसरे औषध मिसळायचे नाही. हे औषध महाग आहे आणि दम्यासाठी नाही. खोकल्याच्या दुसऱ्या काही आजारांत तर त्याने अपाय होऊ शकतो. म्हणून कुणाचे उरलेले औषध मागून आणू नका.

पण औषधाच्या आधी आजार ओळखला गेला पाहिजे. आपल्याकडे अशा मुलांना पुष्कळदा न्यूमोनिया किंवा टीबी समजून औषधे दिली जातात. म्हणून या खुणा लक्षात ठेवा:

• बाळाचा पापा घेतला की घाम फार खारट लागतो.
• छातीत पुन्हा पुन्हा कफ भरतो.
• नीट खाऊनही वजन वाढत नाही.
• शी तेलकट आणि फार घाण वासाची होते.

अशा खुणा दिसल्या तर आशाताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्यांनाही दाखवा. पण पथकाची वाट बघत बसू नका, बालरोगतज्ज्ञांकडे जा. मोठ्या रुग्णालयात घामाची तपासणी होते. त्यात सुई टोचत नाहीत.

आणि एक. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. त्यामुळे सुनेला बोल लावू नका. गटातल्या कुणाच्या घरी असे बाळ असेल, तर तपासणीला तिच्यासोबत जा. दवाखान्याच्या दारात एकटीला फार जड जाते.